घोड्याचे बलिदान आणि संगणकाचा कौल

पेट्रॉफ बचाव हा बुद्धिबळातील अतिशय शांत, काहींच्या मते कंटाळवाणा बचाव समजला जातो. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना फारसा धोका न पत्करता बरोबरी साधायची असेल, तर अनेक ग्रँडमास्टर त्याचा आश्रय घेतात. अशा बचावात चौथ्याच चालीला पांढऱ्याने अख्खा घोडा देऊन टाकावा, हे नवख्या खेळाडूला खरे वाटणार नाही. परंतु गेली पावणेदोनशे वर्षे हे बलिदान खेळले जात आहे आणि ते योग्य की अयोग्य, हा वादही तितकाच जुना आहे. ‘कॉक्रेन गॅम्बिट’ या नावाने ते ओळखले जाते. आज घराघरांतील संगणकावर, किंबहुना खिशातील मोबाइलवर, जगज्जेत्यापेक्षा बलवान इंजिन फुकट उपलब्ध आहे. मग हा वाद एका क्षणात मिटायला हवा होता. तो तसा मिटलेला नाही, आणि त्याचे कारण संगणकाच्या उत्तरापेक्षा त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात अधिक आहे.

प्रथम चाली पाहू. पांढरा ई४, काळा ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा एफ६ वर. तिसऱ्या चालीला पांढरा घोड्याने ई५ वरील प्यादे मारतो आणि काळा डी६ खेळून त्या घोड्यावर हल्ला करतो. येथे घोडा एफ३ वर परत नेणे हा राजमार्ग. कॉक्रेन गॅम्बिटमध्ये मात्र तो मागे न जाता थेट एफ७ वरील प्याद्यावर तुटून पडतो. काळा राजा त्याला मारतो. एका घोड्याच्या मोबदल्यात पांढऱ्याच्या पदरात दोन प्यादी पडतात आणि काळ्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क कायमचा जातो. घोड्याची किंमत तीन आणि प्याद्याची एक धरण्याच्या रूढ हिशेबाने पांढरा एका प्याद्याएवढा तोट्यात असतो. हा तोटा पुढे भरून निघतो की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

कोलकात्यातील डाव

या गॅम्बिटला ज्यांचे नाव मिळाले ते जॉन कॉक्रेन (१७९८-१८७८) हे स्कॉटिश बॅरिस्टर. त्यांनी वकिलीची बरीच वर्षे तेव्हाच्या कलकत्त्यात काढली. १८४१ ते १८४३ या काळात ते इंग्लंडमध्ये होते, तेव्हा त्या काळच्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी ते असंख्य डाव खेळले. भारतात परतल्यावर १८४८ मध्ये त्यांची गाठ कलकत्त्याजवळच्या खेड्यातून आलेल्या मोहेशचंद्र बॅनर्जी या असामान्य खेळाडूशी पडली. त्या दोघांच्या डावांतूनच हे बलिदान बुद्धिबळाच्या इतिहासात नोंदले गेले. १८४८ च्या त्या डावात पांढरी मोहरी कॉक्रेन यांच्याकडे होती आणि राजाने घोडा मारण्याचे आव्हान बॅनर्जी यांनी स्वीकारले होते.

बॅनर्जी यांचे महत्त्व केवळ बलिदान स्वीकारणारा प्रतिस्पर्धी एवढेच नाही. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते. त्या वळणाच्या खेळाडूला आपली प्यादी जपून, एकेक घर पुढे टाकण्याची आणि उंट कडेच्या घरातून लांब कर्णावर रोखण्याची सवय होती. युरोपीय खेळाडूंना ही पद्धत अपरिचित होती. ‘इंडियन’ हे विशेषण लागलेल्या बचावांच्या नावाचे मूळ याच डावांशी जोडले जाते. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये प्रचारात आणलेल्या बचावाच्या चाली बॅनर्जी १८५५ मध्येच कॉक्रेन यांच्याविरुद्ध खेळले होते. आक्रमणाचे हत्यार आणि बचावाची ढाल अशा दोन्ही गोष्टी एकाच पटावर, एकाच शहरात घडाव्यात, हा योगायोग बुद्धिबळाच्या इतिहासकारांकडून थोडा दुर्लक्षितच राहिला आहे.

घोड्याच्या बदल्यात काय?

बलिदानाचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात हिशेब रोख असतो. मोहरा दिला, पाच चालींत मात झाली किंवा वजीर मिळाला. असे बलिदान तपासायला संगणकाला निमिषही पुरते. दुसऱ्या प्रकारात सारा व्यवहार उधारीचा. मोहरा आज जातो आणि त्याचा मोबदला वेग, मोकळ्या वाटा, उघडा पडलेला राजा अशा अमूर्त स्वरूपात हळूहळू वसूल करायचा असतो. कॉक्रेन गॅम्बिट दुसऱ्या प्रकारात मोडते. एफ७ वरील राजावर तातडीने कोणतीही मात नाही.

जुन्या डावांत पाचव्या चालीला उंट सी४ वर आणून लगेच शह दिला जाई. तो दिसायला धडाकेबाज आहे, पण काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो आणि स्वतःची मोहरीही मोकळी करतो. त्यामुळे पाचवी चाल डी४ ही आता मुख्य मानली जाते. पांढऱ्याची डी आणि ई पट्टीवरील प्यादी खांद्याला खांदा लावून मध्यात उभी राहतात. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची अवघी दोन. योग्य वेळी एफ४ आणि ई५ रेटले, की काळ्याच्या घोड्याला हुसकावून राजापर्यंत पोहोचता येते.

काळ्याने येथे अधाशीपणा केला तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. ई४ वरील प्यादे घोड्याने मारले, तर पांढरा वजीर एच५ वर येऊन शह देतो. जी६ खेळून शह अडवल्यास वजीर डी५ वर सरकून पुन्हा शह देतो आणि त्याच वेळी ई४ वरील घोड्यावर डोळा ठेवतो. घोडा जातो आणि पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त उरते. राजा ई७ वर नेला, तर वजीर ई२ वर येऊन घोड्याला राजासमोर जखडून टाकतो. घाईत खेळणारा खेळाडू या सापळ्यात अगदी सहज सापडतो.

पण काळ्याकडे चांगले मार्ग आहेत. जी६ खेळून उंट जी७ वर ठेवायचा आणि राजाला त्याच्या आड न्यायचे, हा एक. सी५ खेळून पांढऱ्याच्या मध्यावरच घाव घालायचा, हा दुसरा. वजीर ई८ वर आणून ई४ वरील प्याद्याला वेठीस धरायचे, हा तिसरा. यांतील सी५ ही चाल विशेष बोलकी आहे. पांढऱ्याने ते प्यादे मारले, तर घोड्याच्या बदल्यात त्याच्याकडे तीन प्यादी होतात आणि कागदावरचा हिशेब चुकता होतो. तरीही आधुनिक इंजिने काळ्याच्याच बाजूने कौल देतात. कारण पांढऱ्याचे खरे बळ प्याद्यांच्या संख्येत नव्हे, तर मध्यातील त्या जोडीत होते. जोडी फुटली, की काळ्याचे घोडे व उंट मोकळे सुटतात.

जुन्या इंजिनांचा वाण्याचा हिशेब

संगणक बलिदानाचा न्यायाधीश म्हणून पूर्वी बदनाम होता आणि ते अकारण नव्हते. १९९० च्या दशकातील आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील इंजिने प्रामुख्याने मोहऱ्यांची मोजदाद करीत. राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना, मोकळ्या पट्ट्या यांसाठी माणसांनी ठरवून दिलेले गुण त्यात मिळवले जात. इंजिन काही चाली पुढे पाहून थांबे आणि तेथे जी बेरीज येईल ती सांगे. संकट त्या मर्यादेच्या एक पाऊल पलीकडे असेल, तर ते इंजिनाच्या लेखी अस्तित्वातच नसे. या दोषाला क्षितिजाची उपमा देण्यात आली असून ‘क्षितिज परिणाम’ याच नावाने तो ओळखला जातो. उधारीच्या बलिदानाची वसुली नेमकी क्षितिजापलीकडेच होत असल्याने असली बलिदाने इंजिनाला शुद्ध वेडेपणा वाटत.

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हविरुद्धच्या सहाव्या व निर्णायक डावात आठव्या चालीला घोड्याने ई६ वरील प्यादे मारून बलिदान केले. अवघ्या १९ चालींत कास्पारोव्हने डाव सोडला आणि लढत साडेतीन विरुद्ध अडीच अशी संगणकाने जिंकली. यंत्राला कल्पनाशक्ती आली, असा गाजावाजा तेव्हा झाला. वस्तुस्थिती अशी, की ती चाल यंत्राने पटावर शोधलेली नव्हती. माणसांनी तयार करून संगणकात भरलेल्या सुरुवातीच्या पोथीतून ती आली होती. बलिदान तपासले होते ते माणसांनीच.

उलट बाजूचे उदाहरण त्यानंतरच्याच वर्षीचे. १९९८ मध्ये स्पेनमधील लिनारेस येथे अलेक्सी शिरोव्हने व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध ४७ व्या चालीला आपला उंट एच३ वर नेऊन ठेवला. पांढऱ्या प्याद्याने तो फुकट मारला. एका चालीची बचत करून काळ्या राजाला एफ५ वरून ई४ वर पोहोचवणे एवढाच त्यामागील हेतू होता. पटावर इतकी थोडी मोहरी असताना उंट असा देऊन टाकावा, हे तेव्हाच्या इंजिनांच्या गळी उतरत नसे. पुढे कित्येक वर्षे नव्या इंजिनाची परीक्षा घ्यायची, तर हीच स्थिती त्याच्यासमोर मांडण्याची प्रथा पडली.

आकडा बदलला, आकड्याचा अर्थही बदलला

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीने अल्फाझिरो या प्रणालीचे निकाल जाहीर केले. केवळ खेळाचे नियम देऊन, स्वतःशीच डाव खेळत शिकलेल्या या प्रणालीने स्टॉकफिश ८ या इंजिनाविरुद्धच्या १०० डावांत २८ विजय मिळवले. उरलेले ७२ डाव बरोबरीत सुटले. तिच्या डावांत प्यादी आणि मोहरी दीर्घ पुढाकारासाठी सहज दिलेली दिसली. त्याच धर्तीवर स्वयंसेवकांनी २०१८ पासून लीला हे मुक्त इंजिन घडवले. स्टॉकफिशनेही सप्टेंबर २०२० मधील बाराव्या आवृत्तीत चेतापेशींच्या जाळ्यावर आधारित मूल्यमापन स्वीकारले. हे तंत्र मुळात जपानच्या शोगी या खेळासाठी विकसित झाले होते. मोहऱ्यांची मोजदाद मागे पडून संपूर्ण स्थितीचा अंदाज घेणारी ही इंजिने उधारीची बलिदाने पुष्कळच चांगली ओळखतात.

अशा इंजिनासमोर कॉक्रेन गॅम्बिट ठेवले तर काय दिसते? इंजिनाची आवृत्ती, संगणकाचा वेग आणि दिलेला वेळ यांनुसार आकडा हलतो. पण काळा स्पष्टपणे सरस आहे, याबाबत इंजिनांत मतभेद नाही. निर्दोष खेळ झाल्यास बलिदान पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ.

मात्र पडद्यावर दिसणाऱ्या ‘उणे एक’ या आकड्याचा अर्थ ‘एक प्यादे कमी’ असा राहिलेला नाही, हे बहुतेक खेळाडूंच्या लक्षात येत नाही. डिसेंबर २०२२ मधील १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशचा आकडा जिंकण्याच्या शक्यतेशी जोडलेला आहे. स्वतःविरुद्धच खेळताना सरस बाजूला डाव जिंकण्याची निम्मी शक्यता असेल, तेथे ‘एक’ हा आकडा दाखवला जातो. म्हणजे हा अंदाज दोन समर्थ इंजिनांमधील डावाचा आहे. रविवारच्या जलद स्पर्धेत समोरासमोर बसलेल्या दोन खेळाडूंबद्दल तो काही सांगत नाही.

तपासणीची रीत

बहुतेक हौशी खेळाडू बलिदानाची स्थिती मांडतात, इंजिन सुरू करतात, चार सेकंदांत लाल आकडा दिसला की कल्पना टाकून देतात. ही तपासणी नव्हे. प्रथम काय तपासायचे आहे ते ठरवावे लागते. ‘हे बलिदान बरोबर आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘हे बलिदान चुकीचे ठरवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला काय काय सापडावे लागेल?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इंजिन आपणहून देते. दुसऱ्याचे त्याच्याकडून काढून घ्यावे लागते.

बलिदानाची चाल सुचण्याची वाट न पाहता ती पटावर स्वतः खेळून टाकणे ही पहिली पायरी. इंजिन प्रत्येक चालीला सारखा वेळ देत नाही. जी चाल वरवर तोट्याची दिसते तिची शाखा ते लवकर छाटते किंवा उथळ पाहते. बलिदानानंतर शह किंवा मारामारी न होता एखादी शांत चाल येत असेल, तर तीच नेमकी हातची जाण्याचा धोका असतो. चाल प्रत्यक्ष खेळली, की इंजिनाला त्या स्थितीपासून नव्याने विचार करणे भाग पडते. म्हणूनच अनुभवी विश्लेषक एखाद्या शाखेच्या टोकापर्यंत चाली खेळत जातात आणि मग एकेक चाल मागे येतात. टोकाला सापडलेली माहिती इंजिनाच्या स्मृतीत राहते आणि मागे येताना आधीचा आकडा कधी कधी लक्षणीय बदललेला दिसतो.

दुसरी गोष्ट, एकाच उत्तमोत्तम चालीवर समाधान न मानता पहिल्या पाच-सहा चाली एकत्र दाखवण्याची सूचना इंजिनाला द्यावी. ही सोय जवळजवळ सर्व कार्यक्रमांत असते आणि बलिदानाच्या तपासणीत तिच्याइतकी उपयोगाची दुसरी सोय नाही. काळ्याच्या उत्तरांपैकी एकच चाल तारणारी असेल आणि बाकी साऱ्या बुडवणाऱ्या, तर आकडा काहीही असो, बलिदान व्यवहारात धारदार आहे. पाचही चाली काळ्याला सुखरूप ठेवत असतील, तर आकडा कितीही सौम्य असला तरी धार बोथट आहे. कॉक्रेन गॅम्बिट या कसोटीवर मध्येच कोठेतरी बसते. पाचव्या चालीला काळ्याकडे एकापेक्षा अधिक चांगली उत्तरे आहेत, ही त्याची खरी दुबळी बाजू. पण त्यांतील प्रत्येक उत्तरानंतर उघड्या राजाने दहा-पंधरा चाली संयमाने काढाव्या लागतात, आणि संयम ही गोष्ट घड्याळात चार मिनिटे उरलेली असताना महाग होते.

स्टॉकफिश आणि लीला यांना एकच स्थिती देऊन दोघांचे मत पडताळणेही उपयुक्त असते, कारण एकाचा भर अफाट शोधावर तर दुसऱ्याचा स्थितीच्या जाणिवेवर आहे. दोघांचे एकमत असेल तर प्रश्न मिटला. जेथे त्यांचे बिनसते तेथे माणसाने बसून विचार करण्याजोगे काही असते. याखेरीज त्या स्थितीपासून इंजिनाला स्वतःविरुद्ध वीस-पंचवीस जलद डाव खेळायला लावता येतात. निकालापेक्षा त्या डावांत वारंवार दिसणारी योजना पाहावी. काळा राजा कोठे जाऊन लपतो, पांढरा एफ४ केव्हा रेटतो, वजिरांची मारामारी झाली तर पांढऱ्याच्या प्याद्यांचा जमाव घोड्याला भारी ठरतो का, हे त्यातून समजते. आकडा पाठ करून पटावर काही उपयोग नाही. योजना मात्र आठवते.

माणसांच्या डावांचा संग्रह शेवटी पाहावा, आधी नाही. आधी पाहिल्यास विजयी डावांचा मोह पडतो. संग्रहातही ग्रँडमास्टरांचे डाव आणि ऑनलाइन खेळणाऱ्या सर्वसामान्यांचे डाव वेगळे पाहणे आवश्यक आहे. इंजिनाने नाकारलेले बलिदान सर्वसामान्यांच्या जलद डावांत पांढऱ्याला भरघोस गुण देताना दिसते, यात नवल नाही.

शून्याचा भुलावा

उणे आकड्याहूनही फसवा असतो तो शून्य. तीक्ष्ण बलिदानानंतर इंजिन अनेकदा शून्य दाखवते आणि खेळाडू ‘समसमान’ म्हणून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात तो शून्य बहुधा सततच्या शहाने होणाऱ्या बरोबरीचा असतो, आणि तेथे पोहोचण्यासाठी एका बाजूला सलग सात-आठ वेळा एकमेव अचूक चाल शोधावी लागते. एक चाल चुकली की मात. हा शून्य नेमका कोणाच्या मानेवर टांगलेला आहे, ते पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मिखाइल ताल याची कारकीर्दच जणू अशा शून्यांवर आणि उण्यांवर उभी होती. १९६० मध्ये मॉस्को येथील जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात तालने काळ्या मोहऱ्यांनी २१ व्या चालीला घोडा एफ४ वर देऊन टाकला. प्रेक्षागृहात एवढा गलका झाला, की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. मिखाइल बॉटविनिकला पुढे अधिक चांगला बचाव उपलब्ध होता, असे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. पटावर तो सापडला नाही. ताल डाव जिंकला आणि पुढे लढतही. आजचे इंजिन तो बचाव चटकन दाखवते. पण बॉटविनिकसमोर इंजिन नव्हते. समोर ताल होता आणि बाजूला घड्याळ.

जानेवारी १९९९ मध्ये हॉलंडमधील वाइक आन झे येथे कास्पारोव्हने टोपालोव्हविरुद्ध २४ व्या चालीला हत्तीने डी४ वरील प्यादे मारले. हा डाव आधुनिक बुद्धिबळातील सर्वोत्कृष्ट डावांत गणला जातो. काळा राजा संपूर्ण पट ओलांडून पांढऱ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत खेचला गेला. टोपालोव्हने हत्ती न मारता राजा बी६ वर नेला असता, तर यातील काहीच घडले नसते, हे नंतर विश्लेषणातून स्पष्ट झाले. बलिदान नाकारण्याचा पर्याय तपासायचा राहून जातो, ही चूक घरी तपासणी करणाऱ्यांकडूनही होते. सारे लक्ष मोहरा मारल्यानंतरच्या फटाक्यांवर असते.

लिनारेस, १९९९

याच टोपालोव्हने त्यानंतर काही आठवड्यांत, लिनारेसच्या स्पर्धेत, व्लादिमिर क्रॅमनिकविरुद्ध चौथ्या चालीला घोडा एफ७ वर टाकला. कॉक्रेन गॅम्बिट जगातील अव्वल खेळाडूंच्या स्पर्धेत अवतरले होते, तेही पेट्रॉफ बचावाचा गाढा जाणकार म्हणून नावाजलेल्या खेळाडूसमोर. टोपालोव्हने पाचव्या चालीला डी४ ऐवजी वजिराच्या बाजूचा घोडा सी३ वर काढला. क्रॅमनिकने सी५ हे उत्तर दिले. डाव बरोबरीत सुटला.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. इंजिनाच्या दृष्टीने काळ्याने अर्धा गुण गमावला. टोपालोव्हच्या दृष्टीने पाहिले, तर जगातील एका भक्कम बचावपटूला त्याने चौथ्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने विचार करायला लावले आणि काही गमावले नाही. परंतु हे १९९९ मध्ये शक्य होते. त्यानंतर अव्वल ग्रँडमास्टरांनी हे बलिदान दीर्घ मुदतीच्या डावांत नियमित हत्यार म्हणून स्वीकारलेले नाही. फुकट मिळणाऱ्या इंजिनाने प्रतिस्पर्धीही तेवढाच सज्ज झाला आहे. एकदा खेळलेला डाव त्याच रात्री संग्रहात जातो, आणि पुढच्या फेरीतील खेळाडू सकाळी न्याहारीच्या वेळी त्याचे उत्तर पाठ करून येतो. इंजिनाचा वापर अधिकृतपणे मान्य असलेल्या पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात तर अशा बलिदानाला वावच उरत नाही. तेथे बहुसंख्य डाव बरोबरीत सुटतात, कारण दोन्ही बाजूंना एकच दक्ष पहारेकरी लाभलेला असतो. गंमत अशी, की इंजिनांच्या आपसांतील स्पर्धांत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती ठरवून दिल्या जातात. तसे न केल्यास तेथेही निकाल लागणे कठीण होते.

पटाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत मात्र खेळताना इंजिनाची मदत घेणे हा गंभीर गुन्हा आहे. मोबाइल बाळगण्यावरही कडक बंधने आहेत. सारी तपासणी आदल्या रात्रीपर्यंतची. मानांकनाचे गुण किंवा किताबासाठीचा निकष पणाला लागलेला असेल, तर चौथ्या चालीला घोडा देणे हा महागडा सौदा ठरू शकतो. दहा मिनिटांच्या डावात तोच सौदा स्वस्त पडतो.

काळ्या मोहऱ्यांनी पेट्रॉफ खेळणाऱ्यांनी या गॅम्बिटकडे ‘इंजिन म्हणते ते चूक आहे’ एवढ्यावर दुर्लक्ष करणे धोक्याचे. एफ७ वर घोडा टाकणाऱ्याने ती स्थिती घरी शंभर वेळा पाहिलेली असते, घोडा मारणाऱ्याने बहुधा एकदाही नाही. जी६ किंवा सी५ यांपैकी एक उत्तर आधीच निवडून, त्यापुढील आठ-दहा चाली इंजिनासमोर स्वतः खेळून पाहाव्यात. आणि ई४ वरील प्याद्याला हात लावू नये.